कलम २८ : शाळेतल्या मौनाचा कायदा

कामगार-संघटनेत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांनी ब्रिटनमधील शाळांच्या नियमांविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु फाटक कारखान्याचे असो की शाळेचे, आतल्या दुबळ्याचे रक्षण वरिष्ठांच्या मर्जीवर सोडावयाचे की लेखी नियमाने करावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. समलिंगी व पारलिंगी मुलांच्या बाबतीत ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर आधी उलटे लिहिले. ते पुसून सुलटे लिहावयास त्या देशाला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ साली प्रौढ पुरुषांचे खाजगीतील समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले. कायदा बदलला, तरी शाळेच्या वर्गात हा विषय निषिद्धच राहिला. पुढे लंडनच्या काही स्थानिक संस्थांनी या मुलांची दखल घेण्यास आरंभ केला. बाप आणि बापाचा जोडीदार यांच्यासह राहणाऱ्या एका लहान मुलीचे डॅनिश चित्रपुस्तक १९८३ मध्ये इंग्रजीत आले होते. त्याची प्रत लंडनच्या शिक्षण-खात्याच्या एका केंद्रात असल्याचे १९८६ मध्ये वर्तमानपत्रांनी छापले आणि एकच गहजब उडाला. ऑक्टोबर १९८७ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी ब्लॅकपूल येथील पक्षाच्या अधिवेशनात या शिकवणुकीविरुद्ध तक्रार केली, आणि २४ मे १९८८ रोजी स्थानिक शासनाच्या कायद्यातील कलम २८ अंमलात आले. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा हेतुपुरस्सर पुरस्कार करू नये, आणि असे संबंध म्हणजे एक स्वीकारार्ह कुटुंब आहे अशी शिकवण शाळांतून पसरवू नये, असा त्याचा आशय होता.

विरोध झाला, आणि तो मोठा झाला. फेब्रुवारी १९८८ मध्ये मँचेस्टरला हजारोंचा मोर्चा निघाला. काही स्त्रिया तर लॉर्डांच्या सभागृहात प्रेक्षक-गॅलरीतून दोरीने खाली उतरल्या. कामगारांच्या इतिहासातील एक पान येथे उघडून दाखविले पाहिजे. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या वर्षभराच्या संपात लंडनच्या समलिंगी तरुणांनी डबे फिरवून निधी जमविला आणि दक्षिण वेल्सच्या डलाइस खोऱ्यातील संपकरी कुटुंबांना पोहोचविला. संप फसला, पण ऋण विसरले गेले नाही. जून १९८५ मध्ये लंडनच्या समलिंगींच्या मिरवणुकीत खाणकामगार आपला झेंडा घेऊन अग्रभागी चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या समान हक्कांचा ठराव खाणकामगार-संघटनेच्या मतांच्या बळासह संमत झाला. ज्यांचे आपसांत काहीच जुळणार नाही असे वाटत होते, ते संकटात एकमेकांचे झाले. तरीही कलम २८ पुस्तकात चढलेच.

आता या कलमाचा खरा प्रताप पाहा. त्याखाली एकाही स्थानिक संस्थेस न्यायालयाने दोषी ठरविले नाही. ते शिक्षकांना थेट लागूही नव्हते. त्याचा रोख स्थानिक संस्थांवर होता. परंतु ज्यांनी गिरणीच्या नोटीस-बोर्डावरचा संदिग्ध हुकूम वाचला आहे, त्यांना उमजेल की भीतीला खटल्याची गरज नसते. कोणते वाक्य 'पुरस्कार' ठरेल हे ठाऊक नसल्यामुळे शिक्षकांनी सगळीच वाक्ये गिळली. एखाद्या मुलाला वर्गमित्र घाणेरड्या शब्दांनी हिणवीत असताना, मध्ये पडलो तर नोकरीवर येईल, या धास्तीने अनेक गुरुजन गप्प राहिले. मौनालाच धोरणाचे रूप आले, आणि त्याची किंमत ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते त्या मुलाने चुकविली.

हे मौन मोडणेही सोपे गेले नाही. स्कॉटलंडमध्ये बस-वाहतुकीच्या धंद्यातील धनिक ब्रायन सूटर यांनी २००० साली पदरच्या पैशाने टपाली मतदान घेतले. सुमारे १२ लाख ६० हजार मते आली, आणि त्यांतली ८६ टक्क्यांहून अधिक कलम ठेवण्याच्या बाजूची होती. पण सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी मतपत्रिका परतच केल्या नव्हत्या. स्कॉटिश विधिमंडळाने त्याच वर्षी ९९ विरुद्ध १७ मतांनी कलम रद्द केले. अल्पसंख्य मुलांचे संरक्षण मतपेटीच्या लाटेवर सोडता येत नाही, हे त्या सभागृहाने ओळखले. इंग्लंड व वेल्समध्ये मात्र लॉर्डांच्या सभागृहाने वाट अडविली, आणि तेथे ते १८ नोव्हेंबर २००३ रोजी संपुष्टात आले.

पण वाईट नियम खोडला म्हणजे चांगला नियम आपोआप लिहिला जात नाही. २०१० च्या समता कायद्याने लैंगिक कल आणि लिंगबदल या कारणांवरून विद्यार्थ्यांशी भेदभाव करण्यास शाळांना स्पष्ट बंदी केली. इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत नातेसंबंध व लैंगिक शिक्षण सक्तीचे झाले ते सप्टेंबर २०२० पासून. म्हणजे एक कलम खोडल्यावर कोरी राहिलेली जागा भरावयास आणखी सतरा वर्षे गेली, आणि तेवढ्यात मुलांची एक संपूर्ण पिढी शाळेतून बाहेर पडली.

आपणांसही हा इतिहास परका नाही. समलिंगी संबंध गुन्हा ठरविणारे कलम ३७७ इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत आपल्यावर लादले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर केले. शाळेचे काय? पारलिंगी मुलांना सामावून घेण्यासंबंधी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, आणि ओरड होताच थोड्याच दिवसांत ती आपल्या संकेतस्थळावरून उतरविली. न्यायालयाचा दरवाजा उघडला, पण वर्गाच्या दरवाजापाशी पाऊल अडखळले.

१९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मालकास नोकरीच्या अटी लिहून काढणे भाग पाडले. त्यामुळे मुकादम काही साधू झाले नाहीत, पण कामगाराला बोट ठेवावयास एक ओळ मिळाली. शाळेतल्या मुलालाही तशीच ओळ हवी : छळ कशाला म्हणावे, तक्रार कोणाकडे करावी, किती दिवसांत उत्तर मिळावे, आणि मध्ये पडणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कोण उभे राहील. आपल्या गावच्या शाळेच्या नियमावलीत ही ओळ आहे काय, हे पालकांनी या सुट्टीतच जाऊन विचारावे.