परवलीच्या शब्दाचे नियम : युनिक्स प्रणालीचा दाखला

परवलीच्या शब्दाची लांबी व घडण यांवर संगणकाच्या परिचालन प्रणालीने बंधने घालावीत, हा विचार आरंभी नव्हता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये कोर्बाटो यांनी १९६१ साली प्रथम दाखविलेल्या सी.टी.एस.एस. प्रणालीत असे शब्द लवकरच आले. पण तेथील खरी अडचण ते जतन करण्याची होती. १९६६ मध्ये दोन फाइलींची अदलाबदल होऊन सर्वांचे परवलीचे शब्द प्रत्येक वापरकर्त्यापुढे छापले गेले! पुढे बेल लॅबोरेटरीजमधील युनिक्सने शब्दांचे केवळ सांकेतिक रूप साठविले. मात्र ती फाइल कोणासही वाचता येत असे. त्यामुळे अनुमानाने शब्द घेऊन त्याचे सांकेतिक रूप ताडून पाहणे शक्यच राहिले.

माणसे कोणते शब्द निवडतात, या प्रश्नाला त्यामुळे महत्त्व आले. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांच्या १९७९ च्या निबंधात ३,२८९ परवलीच्या शब्दांची छाननी आहे. त्यांत एकाच चिन्हाचे १५, तीन चिन्हांचे ४६४, आणि एकाच वळणाच्या पाच अक्षरांचे ७०६ आढळले. याखेरीज ४९२ शब्द कोशांत वा नामावल्यांत सापडले. सर्व मिळून शेकडा ८६ शब्द सहज हाती येण्याजोगे होते. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ४९२ हा आकडा सर्वांत बोलका होय. सहा लहान रोमन अक्षरांच्या तीस कोटींहून अधिक जुळण्या संभवतात. परंतु माणूस जुळणी निवडीत नाही, शब्द निवडतो.

यावर उपाय म्हणून केवळ लहान वा केवळ कॅपिटल अक्षरांचा शब्द सहाहून कमी अक्षरांचा असल्यास प्रणाली अधिक लांब शब्द मागू लागली. वापरकर्त्याने पुरेसा हट्ट धरल्यास नियम शिथिल होतो, अशी प्रांजळ नोंदही युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत आहे.

पुढील काळातील नियमांनी कॅपिटल अक्षर, अंक व चिन्ह यांची सक्ती केली. येथे इंग्रजीची लेखनपद्धतीच आड आली: कॅपिटल अक्षर आरंभी, अंक व चिन्ह शेवटी. (देवनागरीत कॅपिटल अक्षरच नसल्याने मराठी शब्दालाही रोमन वेष घ्यावा लागतो, हे ओघाने आले.) अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये ही सक्ती टाळण्याची शिफारस केली, किमान आठ चिन्हांची अट ठेवली, आणि नवा शब्द कोशातील व पूर्वी उघड झालेल्या शब्दांच्या यादीशी ताडून पाहण्यास सांगितले.