प्रतिकृतींचा छंद आणि घराण्याचा वारसा

यंदाच्या स्मरणिकेत आपल्या पारंपरिक व्यवसायाविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. सुतारकीचा इतिहास सांगण्यास आमच्याहून अधिकारी अशी वडीलधारी मंडळी समाजात आहेत. परंतु गलबते, किल्ले, आगगाड्या, विमाने यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करणे, इतरांनी केलेल्या पाहणे आणि त्या करणाऱ्यांच्या घरची हकिकत विचारणे, हा छंद आम्हांस अनेक वर्षे आहे. या विचारपुशीतून एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. कोण कशाची प्रतिकृती करतो, हे बहुधा त्याच्या घरात काय होते, काय बोलले जाई व कोणती हत्यारे हाताशी होती, यांवरून ठरते.

आपल्या मेळाव्यांत एक वाक्य नेहमी ऐकू येते : सुताराच्या मुलास कला शिकवावी लागत नाही, ती त्याच्या रक्तातच असते. हे वाक्य ऐकून कोणाचा ऊर भरून येत नाही? आमचाही येतो. तथापि ते खरे आहे काय, याचा विचार एकदा शांतपणे केला पाहिजे. कारण कला रक्तातच असेल तर ती जतन करण्याची चिंता कोणी का वाहावी?

प्रथम आपल्याच किनाऱ्यावरील उदाहरण घेऊ. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेच्या गोदीतील कसबी पारशी कारागीर १७३६ साली मुंबईस आले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीतील मुख्य जहाजबांधणीकाराचे काम त्यांच्या घराण्याकडे राहिले. जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली बांधलेली ७४ तोफांची ‘मिंडेन’ ही युद्धनौका १८१० साली पाण्यात उतरली. १८१७ साली उतरलेली ‘त्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. मलबारी सागाची व मुंबईच्या सुतारांच्या हाताची ती साक्ष होय. रक्ताचा सिद्धान्त मांडणाऱ्यास याहून सोयीचे घराणे मिळणार नाही.

पण त्याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांच्याकडे पाहा. वयाच्या चौदाव्या वर्षी ते गोदीत उमेदवारीस लागले. भोवती सर्वत्र सागाच्या फळ्या व सुतारी हत्यारे असताना त्यांच्या मनाने ध्यास घेतला तो वाफेच्या यंत्राचा. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. कला रक्तातून जशीच्या तशी उतरत असती, तर त्यांनी लाकडाचीच आवड धरली असती. त्यांना मिळाले ते कारखान्याचे मोकळे दार, मोजमापाची सवय आणि चूक झाली तर कान धरणारी वडील माणसे. त्या भांडवलावर कोणता विषय हाती घ्यावा, हे त्यांच्या जिज्ञासेने ठरविले.

हे झाले प्रत्यक्ष जहाजांचे व यंत्रांचे. छंद म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांच्या इतिहासातही हाच अनुभव येतो. इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन येथे १८७७ साली जन्मलेले बॅसेट-लोक हे प्रतिकृतींच्या आगगाड्यांचे एक आद्य व्यापारी. त्यांच्या घरचा धंदा बाष्पक बांधण्याचा. पत्रा वाकविणे, रिव्हेट ठोकणे, वाफ कोंडणे व सोडणे यांच्या आवाजातच त्यांचे बालपण गेले. पुढे त्यांनी लहान वाफेच्या इंजिनांचे सुटे भाग टपालाने विकण्यास आरंभ केला आणि त्यातून मोठी पेढी उभी राहिली. घरात जे हत्तीएवढे होते, ते त्यांनी टेबलावर मावेल एवढे केले.

जपानातील शिझुओका हे शहर प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींचे माहेरघर समजले जाते. ते तसे का झाले, याचे उत्तरही लाकडात आहे. तोकुगावा राजवटीत तेथील मंदिरांच्या बांधकामासाठी दूरदूरचे सुतार, कोरीव काम करणारे व लाखकाम करणारे आले आणि त्यांपैकी कित्येक तेथेच वसले, अशी त्या शहराची परंपरा सांगते. त्या कसबातून लाकडी सामानाचा व खेळण्यांचा धंदा वाढला. आज जगभरच्या छंदिष्टांस ठाऊक असलेली तामिया ही पेढी १९४६ साली तेथे निघाली ती लाकूड कापण्याची गिरणी म्हणून. तिने आधी लाकडी प्रतिकृतींचे संच काढले. पुढे परदेशी प्लॅस्टिक संचांपुढे लाकूड मागे पडू लागले, तेव्हा १९६० साली तिने ‘यामातो’ या युद्धनौकेचा आपला पहिला प्लॅस्टिक संच बाजारात आणला. द्रव्य बदलले, पण सांधा बिनचूक बसला पाहिजे हा सुताराचा हट्ट बदलला नाही. आपल्या तरुणांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

वारसा माणसाबरोबर तुरुंगातही जातो. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांनी पकडलेले हजारो फ्रेंच कैदी नॉर्मन क्रॉस व इतर छावण्यांत होते. जेवणातील मांसाची उरलेली हाडे स्वच्छ करून, त्यांच्या पातळ पट्ट्या कापून त्यांनी जहाजांच्या प्रतिकृती केल्या व छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकल्या. ज्या देशात दिएपसारखे हस्तिदंती कोरीव कामाचे जुने केंद्र होते, त्या देशाच्या लोकांस हाड हे टाकाऊ वाटले नाही, यात नवल नाही. आज त्या प्रतिकृती संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. त्यांतील कित्येकांची मापे मात्र काटेकोर नाहीत. समोर नकाशा नव्हता, होती ती आठवण. आणि आठवणीतली डोलकाठी खऱ्याहून उंच होते.

येथे कोणी म्हणेल, ही सारी उदाहरणे वारशाचीच झाली. मग रक्ताचा सिद्धान्त खोटा कसा? त्यास उत्तर म्हणून अमेरिकेतील एक हकिकत सांगतो. १९४२ साली तेथील आरमाराने शाळांकडे विमानांच्या पाच लक्ष लाकडी प्रतिकृती मागितल्या. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांस झटकन ओळखता यावे म्हणून त्या हव्या होत्या. प्रमाण ठरले एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांस एक इंच. अशी प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली असता २,५२० फुटांवरील, म्हणजे सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. ही कामगिरी शेतकऱ्यांच्या, कारकुनांच्या, दुकानदारांच्या मुलांनी हाती घेतली. त्यांच्या घरी कोणी विमान बांधले नव्हते. त्यांस नकाशे मिळाले, साचे मिळाले, शिकविणारे गुरुजी मिळाले, आणि एवढे त्यांस पुरले. याचा अर्थ असा की, घराणे जे देते, ते शाळाही देऊ शकते. परंतु कोणीतरी दिले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात ही शाळा दरवर्षी दिवाळीत भरते. अंगणात दगड, माती व गोणपाट यांचा किल्ला रचावा, त्यावर अळीव पेरून हिरवळ आणावी, बुरूज, तटबंदी, पाण्याचे टाके करून माथ्यावर महाराजांची मूर्ती बसवावी, हे ज्याने केले नाही असा मराठी मुलगा विरळा. पुण्याकडची मुले सिंहगड, राजगड करतात. आमच्या किनाऱ्यावरची मुले परातीत पाणी भरून सिंधुदुर्ग उभारतात. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तो दिवस अभिमानाचा खराच. पण त्या किल्ल्यांचे नकाशे मुलांच्या बोटांनी कित्येक पिढ्या आधीच गिरविले होते. येथे वारसा एका घराण्याचा नसून गावाचा आहे.

आता आमच्या घरची हकिकत सांगण्याची परवानगी असावी. आमचे आजोबा वाघोटनच्या खाडीकाठी मचवे बांधीत. त्याच खाडीवर गिर्ये येथे अठराव्या शतकात मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती, हे वाचकांस ठाऊक असेलच. आजोबांपाशी कागद नव्हता. वाकस, करवत, रंधा, पटाशी, गुण्या, सामता एवढी हत्यारे, एक दोरी आणि डोक्यातली मापे, यांवर त्यांचे काम चाले. आमच्या वडिलांस त्यांनी हत्यारास हात लावू दिला नाही. शीक, कचेरीत बस, तुझे हात मऊ राहू देत, असे ते म्हणत. वडील मुंबईस कारकून झाले आणि जन्मात त्यांना खिळा सरळ ठोकता आला नाही. रक्त तर आजोबांचेच होते!

आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत गावी जात असू. आजोबा सागाच्या वाचलेल्या ढलप्या आमच्यापुढे टाकीत. आम्ही त्यांचा एक मचवा केला व खाडीत सोडला. तो तत्काळ कलंडला. आजोबा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या तळाशी वाळूची पुरचुंडी ठेवली आणि तो सरळ उभा राहिला. आमचा छंद त्या दिवशी सुरू झाला.

पुढे आजोबा गेले. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मचव्याची एकास चोवीस प्रमाणातील प्रतिकृती करावी, असे आम्ही मनात घेतले. तीनदा सांगाडा उभा केला व तीनदा मोडला. रूप काही जमेना. चौथ्या खेपेस आमची थोरली बहीण आक्का आमच्याकडे राहावयास आली होती. ती चहाचा पेला घेऊन मागे उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, नाळ अशी उभी नसता. आजोंची नाळ पुढे निजलेली असायची.” मग तिने कोणते लाकूड आधी, कोणते मागून, किती हात, किती वीत, सारा क्रम सांगितला. लहानपणी रोज दुपारी आजोबांची भाकरी खाडीवर नेण्याचे काम तिच्याकडे होते. ते जेवून पुन्हा कामास लागेपर्यंत ती तेथेच बसे व ऐके. पटाशी कोणी कधी तिच्या हाती दिली नाही. मुलीच्या जातीस हत्यार कशाला, हा त्या काळचा विचार. तो आमच्या घरीही होता व आपल्या समाजात सर्वत्र होता, हे कबूल केले पाहिजे. हत्यारे आमच्या वाट्यास आली, विद्या तिच्यापाशी राहिली. आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते.

तो मचवा आज आमच्या ओसरीवर आहे. त्याची नाळ आक्काने सांगितली तशी पुढे निजलेली आहे.

आक्काच्या मुलाचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. तो मचवे करीत नाही. आगगाडीची इंजिने करतो. त्याचे वडिलांकडील आजोबा बोरघाटात रेल्वेच्या चाकरीत होते. १९२८ च्या सुमारास त्या घाटासाठी आलेली विजेवरची अवजड इंजिने त्यांच्या डुलत्या चालीमुळे व कण्हण्यासारख्या आवाजामुळे ‘खेकडा’ या नावाने ओळखली जात. ती आता धावत नाहीत; एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. भाच्याने खेकडा धावताना पाहिला नाही, आजोबांच्या तोंडून त्याचा आवाज मात्र ऐकला, आणि तोच त्याने प्रतिकृतीसाठी निवडला. विषय त्याने पित्याकडून घेतला, हाताची सफाई आजोळाकडून. वारसा हा असा दोन्ही घरांतून येतो. वंशावळीत आपण केवळ एकाच बाजूची नावे लिहितो, ही गोष्ट वेगळी.

या साऱ्याचा निष्कर्ष आम्हांस असा वाटतो : कला रक्तात नसते, ती ओसरीवर असते. ती डोळ्यांनी, कानांनी व हातांनी घ्यावी लागते आणि ओसरी मोडली की एका पिढीत नाहीशी होते. गोव्यात नुकतेच बांधले गेलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज याचे ताजे प्रमाण आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील नौकेवरून त्याची कल्पना घेतली. त्याचे प्राचीन आराखडे अर्थातच उपलब्ध नव्हते. मद्रासच्या तंत्रविद्या संस्थेत लहान प्रतिकृतीवर पाण्याच्या चाचण्या झाल्या, आणि बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ते उभे केले. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. चित्र होते, विज्ञान होते. पण फळी शिवणारे हात शिल्लक नसते, तर ते चित्र चित्रच राहिले असते.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबरच दरवर्षी मुलामुलींकडून आपल्या गावच्या एखाद्या वस्तूची, मग तो मचवा असो, बैलगाडी असो वा देवळाचा सभामंडप असो, मापानुसार प्रतिकृती करवून घ्यावी. ती करताना त्यांनी घरातील वृद्धांस विचारावे आणि सांगितलेली नावे व मापे वहीत उतरवून ठेवावीत. आजोबांस तर विचारावेच. पण भाकरी घेऊन जाणाऱ्या आजीस आधी विचारावे. असे वृद्ध आपल्यात आता थोडे उरले आहेत. पुढील स्मरणिका निघेल तेव्हा त्यांतील किती असतील, हे कोणी सांगावे?