पित्ताला एवढे श्रेय नको

यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत कुठेही जा. मूल महिन्या-दीड महिन्याने सपाटून ओकू लागले की घरात निदान ठरलेले असते: पित्त खवळले. या मताची बाजू आधी नीट मांडू. ते डोळ्यांदेखत दिसणाऱ्या गोष्टीवर उभे आहे. उलटीत शेवटी पिवळे, कडू पाणी पडते. मग पोर झोपते आणि उठल्यावर भाकरी मागते. पित्त निघाले, पोर सुटले. आजीही हेच म्हणते, शिकलेला मामाही.

पण ते पाणी कारण की परिणाम? जठर रिकामे झाल्यावरही उबळ थांबली नाही, तर आतड्यातले पित्त वर येणारच. दहाव्यांदा ओकणाऱ्या कोणाच्याही तोंडून तेच पडेल. साक्षीदारालाच आरोपी केले आहे.

आता क्रम पाहा. पहाटे सुरुवात, तासाला चार-पाच उलट्या, दिवस-दीड दिवसात शांत. मग कित्येक आठवडे पोर ठणठणीत, झणझणीत रस्साही पचवते. पुन्हा तीच वेळ, तोच क्रम. पित्त दोषी असेल तर मधले आठवडे ते कुठे असते? तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल सजवत जागलेल्या पोरालाच ते का गाठते? लंडनच्या डॉ. सॅम्युअल जी यांनी 1882 साली नऊ मुलांत हीच घडण नोंदवली. आज तिला चक्रीय वमन म्हणतात. तिचे नाते जठरापेक्षा अर्धशिशीशी अधिक जवळचे. आईला अर्धशिशी आहे का, विचारून पाहा. उत्तर पुष्कळदा ‘हो’ येते. जागरण, उपास, प्रवास ही निमित्तेही दोन्हींकडे तीच.

चूक निरुपद्रवी आहे म्हणावे, तर तसेही नाही. ‘पित्त पडू द्या’ म्हणत पोराला उपाशी ठेवतात, मिठाचे पाणी पाजून आणखी ओकायला लावतात. उपासाने हे दुखणे बळावते. मिठाच्या पाण्याने रक्तातले सोडियम चढून लहान मूल दगावू शकते. त्याला हवी अंधारी, शांत खोली, उलटी थांबवणारे औषध, गरज पडल्यास साखरेचे सलाइन.

मग प्रत्येक ओकारी चक्रीयच का? मुळीच नाही. बाकीचे तपासल्याशिवाय हा शिक्का मारता येत नाही. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ असू शकतो. तिथे तासही महागात पडतो. सकाळी डोके दुखून ओकणाऱ्याचा मेंदू तपासावा लागतो. आणि 2017 साली फवारणीची विषबाधा पाहिलेल्या या जिल्ह्यात, कपाशीच्या हंगामात लाळ गळत ओकणारे मूल थेट दवाखान्यातच न्यावे. या प्रत्येक ठिकाणी उशीर कोण करतो? ‘पित्त’ म्हणून मोकळा होणारा.

निवाडा वाचकांनी करावा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर उलट्यांची तारीख आणि वेळ मांडत जावी, आणि पुढच्या खेपेला तीच पाने डॉक्टरांपुढे ठेवावीत.