हायड्रोजन महामार्ग : स्कँडिनेव्हियाचा प्रयोग

हायड्रोजनवर धावणाऱ्या मोटारीतून धुराऐवजी पाण्याची वाफ बाहेर पडते. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन वीज निर्माण होते व त्या विजेवर मोटार चालते. टाकी भरण्यास काही मिनिटेच लागतात. अडचण आहे ती पंपांची. पंप नाहीत म्हणून ग्राहक गाडी घेत नाहीत आणि गाड्या नाहीत म्हणून पंप परवडत नाहीत.

हा पेच सोडविण्यासाठी नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्कमधील संघटनांनी २००६ मध्ये ‘स्कँडिनेव्हियन हायड्रोजन हायवे पार्टनरशिप’ स्थापन केली. सीमेपलीकडेही इंधन मिळावे आणि तिन्ही देशांची एकत्रित बाजारपेठ वाहन उत्पादकांना खुणावावी, हा त्यामागील उद्देश होता. ऑस्लो ते स्टाव्हांगर हा सुमारे ५८० किलोमीटरचा हायड्रोजन मार्ग मे २००९ मध्ये खुला झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये टोयोटा, होंडा, निसान व ह्युंदाई यांनी नॉर्डिक देशांतील संघटनांबरोबर सामंजस्य करार केला.

तथापि अपेक्षेइतक्या गाड्या रस्त्यावर आल्याच नाहीत. जून २०१९ मध्ये ऑस्लोजवळील सांडविका येथील पंपावर स्फोट झाला. उच्चदाब टाकीच्या सदोष जोडणीतून वायूची गळती झाल्याचे तपासात आढळले. दरम्यान, बॅटरीवरील मोटारींनी नॉर्वेची बाजारपेठ व्यापली. डेन्मार्कमधील पंपचालक कंपनीनेही २०२३ मध्ये पंप बंद करण्याचे जाहीर केले. शेजारी राष्ट्रांच्या सहकार्याने पंप उभे राहिले, पण ते चालते ठेवण्याइतके ग्राहक मिळाले नाहीत.