वेडाच्या कारणाचा रकाना

गांजानें वेड लागतें, हा समज हिंदुस्थानांत सरकारी आंकड्यांवर उभा होता. ते आंकडे खरे किती, याचा शोध १८९३ सालीं नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशननें घेतला. साक्षी झाल्या ११९३. परंतु खरा उलगडा केला तो वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांनीं. पोलिसांकडून आलेल्या कागदावर ‘गांजा’ असें कारण असे. वहींत तेंच उतरे. रकाना कोरा ठेवण्यापेक्षां तें सोयीचें! १८९२ मधील असे २२२ रोगी पुन्हां तपासतां ९८ च टिकले. माफक सेवनानें सहसा अपाय नाहीं, अतिसेवनानें होतो, असा १८९४ चा निष्कर्ष. पण माफक म्हणजे किती? गांजांतील मुख्य मादक द्रव्य शुद्ध रूपांत हातीं आलें १९६४ सालीं. तोंवर मापच नव्हतें.