कोलियूर : सरहद्दीवरचें कोळ्यांचें गांव

फ्रान्सच्या दक्षिण टोंकास, पिरिनीज पर्वत जेथें भूमध्य समुद्रास येऊन भिडतो तेथें, कोलियूर नांवाचें एक टुमदार गांव आहे. उतरणीवर द्राक्षांचे मळे, खालीं चंद्रकोरीसारखें बंदर आणि अगदीं पाण्याच्या कडेस उभें असलेलें चर्च, असा त्याचा थाट. आंचोवी ही कोंकणांतील मांदेलीच्या कुळांतली बारीक मासळी. ती धरून मिठांत मुरवावी व बाहेर धाडावी, हा या गांवचा पिढीजाद धंदा.

परंतु सरहद्दीवरच्या गांवास सुखानें जाळें टाकूं देतो कोण? पूर्वीं मायोर्काचे राजे येथील किल्ल्यांत उन्हाळा घालवीत. पुढें तो स्पेनच्या अमलाखालीं आला. १६४२ सालीं फ्रेंचांनीं तो जिंकला, आणि १६५९ च्या तहानें सारा रूसियों प्रांतच फ्रान्सला मिळाला. तोफांच्या माऱ्यास मोकळें मैदान हवें म्हणून दुर्गरचनाकार व्होबां यानें किल्ल्यालगतची जुनी वस्ती व तेथील चर्च पाडविलें. आजचें चर्च त्यानंतरचें; १६८४ सालीं त्याचें बांधकाम सुरू झालें, आणि बंदरावरचा जुना दीपस्तंभच त्याचा घंटामनोरा झाला.

१९०५ च्या उन्हाळ्यांत मातीस व दरें हे चित्रकार येथें येऊन राहिले. येथील उन्हांत त्यांनीं असे भडक रंग वापरले कीं, त्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यांच्या पंथास ‘श्वापदें’ हें नांव पडलें.

कोलियूरची खरी कसोटी मात्र १९३९ सालीं लागली. जानेवारीच्या अखेरीस बार्सिलोना पडलें आणि लक्षावधि स्पॅनिश निर्वासित सरहद्द ओलांडूं लागले. त्यांतच कवि आंतोनियो माचादो आपल्या वृद्ध मातेस घेऊन येथें पोहोंचला. सामान वाटेंतच राहिलेलें. २२ फेब्रुवारीस त्यानें देह ठेविला. तीन दिवसांनीं माताहि गेली. कवीच्या दफनासाठीं गांवांतील एका बाईनें आपल्याकडील जागा उसनी दिली, आणि निर्वासित स्पॅनिश सैनिकांनीं त्याला खांदा दिला. त्याच वर्षीं फ्रेंच सरकारनें त्याच्या कित्येक देशबांधवांना येथल्याच किल्ल्यांत कोंडून ठेविलें होतें.

१९५८ सालीं मायलेंकरांस एकत्र, स्वतंत्र समाधि मिळाली. किल्ल्यानें अनेक धनी पाहिले. गांवानें मात्र दाराशीं आलेल्या परक्यास आपल्या मातींत जागा दिली. आजहि देशोदेशींचे लोक त्या समाधीपाशीं कवीच्या नांवें पत्रें ठेवून जातात.