नंबर प्लेटवरचा जुना नकाशा

आमच्या समुद्रपूर तालुक्यात जामच्या चौरस्त्यावर चहा घेताना गाड्यांच्या नंबर प्लेट वाचायची मला सवय आहे. ३१ नागपूर, ३४ चंद्रपूर, ३२ आपले वर्धा.

नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. त्यानंतर 'एमएच' आणि पुढे त्या-त्या आरटीओचा आकडा लागला. त्याचा क्रम बघा. ०१ ते १९ जुन्या मुंबई इलाख्याकडचे. २० ते २६ मराठवाडा, म्हणजे निजामाचा मुलूख. २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला, हा वऱ्हाड. निजामाने तो १८५३ मध्ये इंग्रजांच्या हवाली केला होता. मग ३१ पासून नागपूरकडचे जिल्हे. मराठवाडा आणि विदर्भ १९५६ मध्येच मुंबई राज्यात आले होते, तरी जुन्या सीमा आकड्यांत उमटल्याच.

पुढे नवे जिल्हे झाले आणि ओळ मोडली. अकोल्यातून निघालेल्या वाशीमला ३७ मिळाला, मराठवाड्यातल्या हिंगोलीला ३८, खान्देशातल्या नंदुरबारला ३९.

माझी खाला मराठवाड्यात राहते. पत्ता लिहिताना तिचा हात अजून थबकतो. औरंगाबाद लिहायचे की छत्रपती संभाजीनगर? उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर. नावांसाठी मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टात गेले. आकड्यासाठी कुणी भांडल्याचे माझ्या कानावर नाही. खालाच्या मुलाच्या स्कूटरवर २०च आहे.